मागे घेतलेलं भाषण

माझी मुलगी कॅनडातल्या एका प्रांतात आमदार होती. तिकडे त्याला वेगळं नाव आहे, पण काम तेच: लोकांनी निवडून द्यायचं, सभागृहात बसायचं, कायदे करायचे आणि शिव्या खायच्या. मंत्री व्हायला एकच पायरी उरली होती. ती पायरी ती का चढली नाही, हे तिकडच्या लोकांना एका तऱ्हेने माहीत आहे, आणि ते खोटं आहे. खरं मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले. नाव कुणाचंही घालणार नाही. तिचं नाही, ह्यांचं नाही, आमच्या बिल्डिंगचंही नाही. हे छापून येईपर्यंत आम्ही कुवेत सोडलेलं असेल. सामान अर्धं बांधून झालंय, हॉलभर खोके आहेत आणि त्यातल्याच एकावर कागद ठेवून लिहितेय. लेकीला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाली असती, आणि या वयात कुणाचं नको ऐकायची मला हौस उरलेली नाही.

कुवेतमधल्या फहाहीलला आम्ही लग्नानंतर आलो ते आजतागायत. मी नाशिकची, हेही नाशिकचेच. हे अहमदीच्या बाजूला एका ठेकेदार कंपनीत मेंटेनन्सला. दोन बेडरूमचं घर. खिडकीतून समुद्राची बारीकशी पट्टी दिसते आणि वारा फिरला की गॅसचा वास येतो. पाहुणे नाक दाबतात, आम्हाला तो वास आला नाही तरच चुकल्यासारखं होतं.

आमच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, ह्यांचे साहेब राहायचे. साहेब पुण्याचे. ह्यांच्या रजेपासून इकाम्यापर्यंत सगळं त्यांच्या सहीने चालायचं. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो आहे तर तुम्ही आहात, तो नाही तर विमानतळ. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्षही तेच, गणपतीत आरतीचं ताट पहिलं त्यांच्याच हातात. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. वरून खाली, खालून वर वाट्यांची सारखी ये-जा. कधी त्यांची आमटी, कधी माझ्या पुरणपोळ्या. आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हे आमच्या दोघींच्याही आयांनी शिकवलेलं. असं सगळं गोडीगुलाबीचं होतं.

लेक चौथी-पाचवीत असेल. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, अर्धी बिल्डिंग गावाला गेली होती. सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन निघालं म्हणून हे नाशिकला गेले. लेकीला नेमक्या कांजिण्या आल्या, त्यामुळे आम्ही दोघी मागे राहिलो. साहेबांचं कुटुंबही पुण्याला गेलं होतं. एका दुपारी लेक बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, वर कुणीतरी पाईप वाजवतंय."

मी म्हटलं, वर कुणी नाही, तू झोप. ती म्हणाली, "आहे. थांबतं आणि परत वाजवतं."

मी जाऊन भिंतीला कान लावला. चमच्याने पाईपवर मारावं तसा आवाज. मी खालून मुठीने दोनदा ठोकलं. वरचा आवाज थांबला आणि मग इतका भराभर सुरू झाला की माझ्या अंगावर काटा आला.

त्यांच्याकडे आंध्रातली एक बाई कामाला होती. तिलाही गावाला पाठवलंय, असं वहिनी जाताना सांगून गेल्या होत्या. पाठवलं नव्हतं. कुलूप लावून गेले होते. का, ते मला आजही कळलेलं नाही. विश्वास नसेल, किंवा आल्यावर घर स्वच्छ सापडावं, एवढंच असेल. माणसं फार मोठ्या कारणांनी वाईट वागत नाहीत.

आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, म्हातारा इजिप्शियन होता. त्याच्याकडे जादा किल्ली असायची. त्याने कुलूप काढलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोडक्या हिंदीत म्हणाला, मैं कुछ नहीं देखा. आत एसी बंद होता. कुवेतचा जुलै आणि एसी बंद, हे ज्याने काढलंय त्यालाच कळेल. तांदूळ संपले होते. बाई कठडा धरून एकेक पायरी खाली उतरली आणि आमच्या दारात आल्यावर आधी चप्पल बाहेर काढून नीट ठेवली. ते बघून मला जे रडू आलं ते अजून विसरले नाही.

मालकाकडून पळालेल्या बाईला घरात ठेवणं हा इथे गुन्हा. मला माहीत होतं. इथे सगळ्यांनाच माहीत असतं. तिचा पासपोर्ट आणि फोन साहेबांच्या कपाटात. आपल्या वकिलातीला लागून सुट्ट्या, आणि तिच्या अंगात उभं राहायची ताकद नाही. मग काय करणार होते मी? परत वर नेऊन कोंडणार होते? ठेवून घेतली. पेज, वरणभात, मग पोळी. लेकीला बजावलं, कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही. सुट्ट्या संपल्यावर टॅक्सी केली आणि आम्ही दोघी तिला वकिलातीत पोचवून आलो. लेकीने तिचा हात धरला होता, तो आतल्या माणसाने सोडवेपर्यंत सोडला नाही. पुढे ती सुखरूप घरी पोचली. एकदाच फोन आला होता तिचा, तोही दोन मिनिटांचा.

ह्यांना मी सांगितलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. शिवाय साहेबांच्या हाताखाली रोज उभं राहायचं होतं ह्यांना. चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं. साहेब पुण्याहून परतले, बाई पळाली म्हणून त्यांनी तक्रार केली. वहिनी खाली येऊन म्हणाल्या, "काय ही माणसं, घरच्यासारखं ठेवलं होतं हो." मी समोर बसून च्‌ च्‌ केलं आणि त्यांना चहा दिला.

बारावीनंतर लेक कॅनडाला गेली. इथे जन्मलेल्या मुलांचं हेच होतं. जन्म अहमदीच्या दवाखान्यात, पण देश आपला नाही. भारतात फक्त सुट्टीपुरतं जायचं, मग सगळ्यांची नजर कॅनडाकडे. तिकडे शिकली, आणि भाडेकरूंना, घरकाम करणाऱ्या बायकांना कागदपत्रांत मदत करणाऱ्या एका ऑफिसात लागली. मी म्हटलं, यासाठी का एवढं शिकलीस? ती म्हणाली, "आई, तूच सुरू केलंस." मला वाटलं, चेष्टा करतेय.

मग एक दिवस म्हणाली, निवडणुकीला उभी राहतेय. तिकडे आधी पक्षाच्या आतच निवडणूक असते. जो जास्त सभासद घेऊन येईल त्याला तिकीट. पहिल्या वेळी समोरच्याने बसगाड्या भरभरून माणसं आणली आणि ही तोंडावर पडली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय. दुसऱ्या वेळी तिकीट घेतलंच. मग दारोदार. बर्फात. मी फोनवर बघायचे तर नाक लाल, पापण्यांवर पांढरं. कुणी तोंडावर दार आपटलं, कुणी कुत्रा सोडला, एका पंजाबी आजोबांनी आत बोलावून पराठे खाऊ घातले. ती हसत सांगायची आणि मी इकडे देव पाण्यात घालून बसायचे. थोडक्या मतांनी आली. पण आली.

पहिली काही वर्षं मागच्या बाकावर बसली. रस्ते, शाळा, म्हाताऱ्यांचे दवाखाने, असले प्रश्न विचारायची. लोकांना ती आवडायला लागली कारण फोन उचलायची. कामगारमंत्र्याच्या हाताखाली नेमली गेली. पक्षाच्या नेत्याने तिला सांगून ठेवलं होतं, पुढच्या फेरबदलात ते खातं तुझं. ती मला म्हणाली, "बाबांना आत्ता सांगू नकोस, आख्ख्या कुवेतला कळेल." बापाला ओळखून होती.

आणि मग ते भाषण झालं. घरकामाच्या बायकांचा पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा नाही, असा कायदा त्यांच्या प्रांतात यायचा होता. त्यावर ती बोलायला उभी राहिली. सुरुवातीला म्हणाली, "नमस्कार. आधी दोन वाक्यं माझ्या आईच्या भाषेत बोलते." आणि बोलली दोन वाक्यं, अगदी आमच्या घरातल्यासारखी. पुढचं सगळं इंग्रजी.

झालं. आपल्या लोकांना एवढं पुरतं. शुक्रवारी सकाळी मी पोहे करत होते तर ह्यांचा फोन थांबेचना. 'परदेशी विधिमंडळात घुमली मराठी', 'कुवेतची कन्या', हात जोडलेली चित्रं, झेंडे. हे सोफ्यावर बसून भराभर पुढे पाठवत होते: नाशिकला, भाच्यांना, कंपनीत, मंडळाच्या ग्रुपवर. साहेबांनी स्वतः तो व्हिडिओ शंभर ठिकाणी पाठवला. खाली लिहिलं, 'आमच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर'. बघायचे सगळे. पहिलं मिनिटभर. मराठी संपलं की डोळे पुसायचे आणि पुढे ढकलायचे. ह्यांनी तो व्हिडिओ किती वेळा लावला असेल, पण दर वेळी तेवढाच.

दुपारी हे झोपल्यावर मी स्वयंपाकघरात बसून शेवटपर्यंत ऐकलं. माझं इंग्रजी बेताचं, पण स्वतःची गोष्ट कळायला किती इंग्रजी लागतं? ती सांगत होती: कुवेतमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई कोंडलेली होती. तिचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. ती पाईप वाजवायची. माझ्या आईने तिला खाली आणलं, घरात लपवलं. तो तिथे गुन्हा होता. माझी आई घाबरली नाही. मी आज इथे उभी आहे ती तिच्यामुळे.

सभागृहात सगळे उठून टाळ्या वाजवत होते. मी टेबलाला धरून बसले. अभिमान वाटला का? वाटला. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. आणि त्याच वेळी मी फोनचा आवाज बारीक केला. कारण तो व्हिडिओ आत्ता वरच्या मजल्यावर, साहेबांच्या फोनमध्ये होता.

लेकीला फोन केला. म्हटलं, काढून टाक. ती म्हणाली, "आई, सभागृहात बोललेलं काढता येत नाही. ते रेकॉर्डवर गेलं." म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, ही कशाला उघडलीस? ती हसली. तिला वाटलं होतं, इतकी वर्षं झाली, नाव तर कुणाचंच घेतलं नाही, आता कोण ओळखणार. मी म्हटलं, "अगं, ते आत्ता डोक्यावर खुर्ची सरकवतायत, मला ऐकू येतंय."

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तेच जास्त वाईट होतं. मग मंडळाच्या ग्रुपवर एकेक ओळ दिसायला लागली, 'हा मेसेज डिलीट केला आहे'. एकाखाली एक. ज्यांनी झेंडे लावले होते त्यांनीच. कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं होतं. हळदीकुंकवाला मी बोलावलं तर एकीचं डोकं दुखत होतं, दुसरीकडे पाहुणे, तिसरीने फोनच घेतला नाही. डबाभर तिळगूळ तसाच राहिला. हे म्हणाले, थंडी फार आहे यंदा.

मग एका सकाळी वहिनी आल्या. माझी वाटी परत करायला. धुऊन पुसून आणली होती, रिकामी. दारातच माझ्या हातात दिली. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "नको, लिफ्ट धरून ठेवलीय." माझ्याकडे नीट बघितलं, आणि गेल्या. एवढ्या वर्षांत त्या बाईने रिकामी वाटी दिली नव्हती. मी ओळखलं, आता सुरू झालं.

त्याच आठवड्यात साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. आम्हा दोघांचे पासपोर्ट मागून घेतले. इकामा संपत आला होता, नूतनीकरणासाठी लागतील म्हणाले. ह्यांनी दिले आणि साहेबांनी ते ड्रॉवरमध्ये टाकले. मग अगदी सहज विचारलं, "मुलीच्या भाषणातला तो वरचा मजला कुठला हो?" हे गोंधळले. साहेबांनी फोनवर पुढचा भाग लावून ऐकवला. आणि म्हणाले, "मी काही करणार नाही. मुलीसारखी आहे माझ्या. पण असं बाहेर फिरत राहिलं तर माझी सही कशी होणार, तुम्हीच सांगा."

हे घरी आले ते वैतागून. मला वाटलं, आता विचारतील. मी उत्तर तयार करत ओट्याशी उभी होते. ह्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "पोरगी राजकारणात पडून बिघडली. काय काय रचून सांगते. आपल्या घरात असं झालं असतं तर मला कळलं नसतं का?" आणि मला बोलू देण्याआधी पुढे म्हणाले, "मी टाकलंय ग्रुपवर."

मी फोन घेऊन वाचलं. ह्यांनी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, की माझ्या मुलीने भाषणात सांगितलेली घटना घडलेली नाही, ती तेव्हा लहान होती, तिचा काहीतरी घोटाळा झाला आहे, वडील म्हणून मी सर्वांची माफी मागतो. खाली स्वतःचं नाव. साहेबांनी अंगठा दिला होता. मला इतका राग आला की फोन भिंतीवर फेकावासा वाटला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण त्यांच्यावर ओरडणार तरी काय? त्या माणसाने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं ते खरंच होतं. आणि आता सांगितलं असतं तर उद्या त्याच केबिनमध्ये जाऊन त्यांना जाणूनबुजून खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून मी गिळलं. निदान एक माणूस तरी निर्दोष राहू दे, असा विचार केला.

आपल्या लोकांच्या ग्रुपवर टाकलेलं कुवेतमध्ये थोडंच राहतं. इथला ग्रुप, पुण्याचा ग्रुप, तिथून टोरांटोचा, तिथून कुठला. दोन-चार दिवसांत ते लेकीच्या विरोधकांच्या हातात होतं. एकाने सभागृहात उभं राहून वाचून दाखवलं. तिचे वडीलच म्हणतात, असं काही घडलं नाही.

तिकडे बाकी काही चालतं, पण सभागृहाची दिशाभूल केली, हे सगळ्यात मोठं पाप. वर्तमानपत्रांत तिचा फोटो, खाली प्रश्नचिन्ह. टाळ्या वाजवणारे तिच्याशेजारी बसेनात. नेत्याने तिला बोलावून सांगितलं, एक तर पुरावा दे नाहीतर शब्द मागे घेऊन माफी माग. गुरुवारपर्यंत. तिने वकिलातीत विचारून पाहिलं, जुन्या नोंदी मिळत नाहीत म्हणाले. ती बाई कुठे असेल, कुणाला ठाऊक. राहिले कोण? मी.

हे तिने मला सांगितलं ते बातमी सांगावी तसं. काही मागायचं म्हणून नाही. मीच म्हटलं, "मी सांगते. मी कॅमेऱ्यासमोर सांगते."

"तिथे बसून? आई, आर यू मॅड? आधी तिथून निघ, मग बोल."

"पासपोर्ट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहेत."

ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "दोघांचे?"

"दोघांचे."

माझी लेक ज्याच्याविरुद्ध कायदा करत होती ते तिच्या आईबापांना लागू झालं होतं, आणि ते करणारा माणूस तोच होता. मला हसू आलं, खरंच. तिला आलं नाही. ती म्हणाली, "तू काहीही करू नकोस. तू मला प्रॉमिस कर." मी कसलं प्रॉमिस देते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी पुष्कळ खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी साडी बदलली, केस विंचरले, साखरेच्या डब्याला फोन टेकवला आणि सगळं मराठीत बोलले. माझं नाव, राहते कुठे, वर कोण राहतं, पाईप, हारिस, चप्पल, वकिलात. शेवटी म्हटलं, माझ्या मुलीने एक शब्दही खोटा सांगितलेला नाही, जे केलं ते मी केलं, माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. परत लावून बघितलं नाही. पाठवून दिलं. वर कुणीतरी चालत होतं. मी त्या पावलांकडे कान लावून दुपारभर बसून राहिले. बेल वाजली की वाटायचं, आले. एकदा पाण्यावाला होता, एकदा शेजारणीचं पार्सल.

लेकीचं उत्तर आलं नाही. फक्त दोन निळ्या खुणा. म्हणजे तिने बघितलं होतं. पुरावा तिच्या हातात होता.

गुरुवारी तिकडच्या सकाळी सभागृह भरतं तेव्हा इथे संध्याकाळ होते. ह्यांनी टीव्हीला फोन जोडला. अजान होऊन गेली होती. आम्ही दोघं सोफ्यावर. मला खात्री होती की आता माझा चेहरा तिथे दिसणार. मी तयार होते. बॅगेत औषधं भरून ठेवली होती, आपल्याला नेलं तर असावीत म्हणून. ह्यांचे सदरे इस्त्री करून ठेवले होते.

लेक उभी राहिली. काळा कोट, केस मागे बांधलेले. हातात कागद नव्हता, फोन नव्हता. म्हणाली, त्या भाषणात मी जी घटना सांगितली, ती घडली नव्हती. मी लहान होते, ऐकलेल्या गोष्टींतून मी ती मनात तयार केली. माझ्या आईने कधीही कुणाला लपवलं नाही. माझी आई साधी, भित्री बाई आहे, ती कायदा मोडणाऱ्यातली नाही. मी ते शब्द मागे घेते आणि सभागृहाची माफी मागते.

समोरून कुणीतरी हसलं. ती खाली बसली नाही, क्षणभर तशीच उभी राहिली. मग बसली.

ह्यांनी या वेळी भाषण शेवटपर्यंत ऐकलं होतं. मी रडत होते, तोंडात पदर धरून. मला वाटलं, आता म्हणतील, बघ, मी म्हणत होतो ना. ते माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "कुठे झोपायची ती?"

मी म्हटलं, "आपल्या खोलीत. खाली गादी घातली होती. मी शेजारी झोपायचे, रात्री दचकून उठायची म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना तोंड झाकून बसलेलं पाहिलं. म्हणाले, "मी लिहिलं गं ते. मी लिहिलं." मी त्यांची पाठ चोळत बसले. दुसरं काय करणार होते?

पुढचं सांगून टाकते. मंत्रिपद गेलं, ते जायचंच होतं. पुढच्या निवडणुकीत तिला तिकीट मिळालं नाही. कायदा झाला, दुसऱ्याच्या नावावर. लेक पुन्हा त्याच ऑफिसात बसते, बायकांची कागदपत्रं भरून देते. काहीजणी तिला खोटारडी म्हणून ओळखतात आणि दुसऱ्या खिडकीकडे जातात. तो माझा व्हिडिओ तिने पुसला की ठेवला, मी विचारलेलं नाही. भित्री म्हणाली त्यावरून मात्र भांडले मी तिच्याशी. म्हणाली, "तेवढं नसतं म्हटलं तर कुणाला खरं वाटलं असतं?"

माफीचं भाषण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साहेब खाली आले. एकटेच. खूप दिवसांनी आमच्या सोफ्यावर बसले. खिशातून आमचे पासपोर्ट काढून टीपॉयवर ठेवले. इकाम्याचं काम झालंय म्हणाले, दोन वर्षांची काळजी मिटली. हे खिडकीशी उभे होते, वळले नाहीत. मी चहा घेऊन बाहेर आले. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "गुणाची हो मुलगी तुमची. आईबापांचा विचार केला तिने."

त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव खरी गोष्ट. मी हो म्हटलं आणि कप त्यांच्या हातात दिला.